निर्धोक विजेचा आग्रही : थॉमस एडिसन

११ ऑक्टोबर १८८९. न्यूयॉर्कमधील चेंबर्स स्ट्रीट आणि सेंटर स्ट्रीट जेथे मिळतात, त्या गजबजलेल्या चौकात भर दुपारी जॉन फीक्स नावाचा लाइनमन खांबावर चढला. खांबावर तारांचे जाळे होते आणि त्यातील निकामी तारा कापून काढण्याचे त्याचे रोजचेच काम होते. या तारा तारायंत्राच्या होत्या. त्यांत माणसाचा जीव घेण्याइतकी वीज नसते, हे प्रत्येक लाइनमनला ठाऊक असे. मात्र त्या दिवशी काही अंतरावर त्यांतली एक तार दिव्यांच्या उच्च दाबाच्या वाहिनीला टेकली होती. फीक्सला ते खालून दिसण्याचा संभव नव्हता. तारेला हात लागताच तो जागीच गेला आणि त्याचा देह शेकडो बघ्यांच्या डोळ्यांदेखत तारांच्या जाळ्यात बराच वेळ लोंबकळत राहिला. त्याच्या विधवेसाठी पुढे त्याच खांबाला दानपेटी बांधण्यात आली.

पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील मानसन्मान स्वीकारून थॉमस आल्वा एडिसन नुकताच मायदेशी परतला होता. वय अवघे ४२. ध्वनिमुद्रण यंत्र आणि विजेचा दिवा यांमुळे त्याचे नाव जगभर झालेले. डोक्यावरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा माणसे मारतील, असे तो गेली काही वर्षे सांगत होता. फीक्सच्या मृत्यूने ते खरे ठरले. पुढच्याच महिन्यात एका प्रतिष्ठित अमेरिकन मासिकात एडिसनचा विजेच्या दिव्यांच्या धोक्यांविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. उच्च दाबाचा प्रवाह, विशेषतः उलटसुलट दिशेने वाहणारा एसी प्रवाह शहरांतून हद्दपार करावा आणि एकाच दिशेने वाहणारा कमी दाबाचा डीसी प्रवाह वापरावा, असा त्याचा आग्रह होता. त्या आग्रहात तळमळ किती आणि धंदा किती, याचा वाद अद्याप मिटलेला नाही. आज घरोघरीच्या गच्चीवर सौर पॅनल बसत आहेत आणि पॅनलमधून निघणारी वीज डीसीच असते. त्यामुळे एडिसनच्या त्या दाव्याची तपासणी हा केवळ इतिहासाचा विषय राहिलेला नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मायलन या गावी ११ फेब्रुवारी १८४७ रोजी जन्मलेल्या एडिसनचे बालपण मिशिगनमधील पोर्ट ह्यूरन येथे गेले. शाळेत तो फार दिवस टिकला नाही. शिकवले ते आईने. घराच्या तळघरात त्याने रसायनांच्या बाटल्या जमवल्या होत्या आणि कोणी त्यांना हात लावू नये म्हणून सरसकट सगळ्यांवर विष असे लिहून ठेवले होते. सुरक्षेची ही त्याची पहिली योजना म्हणावी लागेल! बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. प्रयोगशाळा त्याने गाडीच्या सामानाच्या डब्यातच थाटली. एके दिवशी फॉस्फरसची कांडी खाली पडून डब्याला आग लागली आणि संतापलेल्या गार्डने बाटल्यांसह मुलाला फलाटावर उतरवले.

पुढे एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने गाडीखाली येण्यापासून वाचवले आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्या गृहस्थाने त्याला तारायंत्र शिकवले. विजेशी त्याची खरी ओळख येथे झाली. तारायंत्र चालत असे बॅटरीवर, म्हणजे डीसीवर. पुढील आयुष्यात डीसीवर त्याने जो जीव टाकला, त्याचे मूळ या तरुणपणीच्या सवयीत शोधता येते. तार ऑपरेटर म्हणून गावोगाव भटकत असताना त्याने विजेची गंमतही बरीच केली. रेल्वेच्या कार्यशाळेत हात धुण्याच्या टाकीला प्रेरण वेटोळे जोडायचे आणि छपराच्या भोकातून एकेका कामगाराची उडणारी तारांबळ पाहत बसायचे, हा त्यातला एक उद्योग. बोस्टनच्या तार कचेरीत झुरळांचा सुळसुळाट होता, तेव्हा भिंतीवर कथिलाच्या पातळ पट्ट्या लावून त्याने त्या बॅटरीला जोडल्या आणि झुरळे त्यांवर येताच जळू लागली. लुईव्हिलला रात्रपाळीत प्रयोग करताना सांडलेले बॅटरीचे आम्ल फटीतून झिरपून खालच्या मजल्यावरील साहेबाच्या टेबलावर गेले आणि दुसऱ्या दिवशी एडिसनची नोकरी गेली. वीज आणि रसायने यांच्याशी असा हात न आखडता वागणारा हा तरुण पुढे विद्युत सुरक्षेची पहिली व्यवस्थित चौकट उभी करील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

१८७६ मध्ये त्याने न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा काढली. १८७७ मध्ये ध्वनिमुद्रण यंत्र आणि १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये जळवून कोळसा केलेल्या धाग्याचा दिवा, हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना माहीत आहे. पुस्तकांत सहसा नसते ते हे, की दिवा ही त्याच्या दृष्टीने गोष्टीची सुरुवात होती. त्या काळी रस्त्यांवर विजेचे दिवे अगदीच नव्हते असे नाही. डिसेंबर १८८० पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कंसदिवे लागू लागले होते. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटती ठिणगी अखंड तेवत ठेवणारे हे दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असत आणि त्यांच्या वाहिन्यांत काही हजार व्होल्टचा दाब असे. घरात ते लावण्याची सोय नव्हती. एडिसनला वीज दिवाणखान्यात न्यायची होती. गृहिणीच्या, मुलांच्या, नोकरांच्या हाताशी. त्यासाठी दिव्याइतकाच विचार तारेचा, दाबाचा आणि अपघाताचा करावा लागणार, हे त्याने फार लवकर ओळखले.

त्याची योजना तीन गोष्टींवर उभी होती. पहिली म्हणजे कमी दाब. दिव्याच्या जवळ ११० व्होल्टच्या आसपासच दाब राहील, अशी त्याची मांडणी होती. हा आकडा निवडण्यामागे दिव्याचा तंतू आणि तांब्याची किंमत यांचाही हिशेब होता, परंतु परिणामी घरात शिरणारी वीज तुलनेने सौम्य राहिली. दुसरी म्हणजे तारा जमिनीखाली. डोक्यावर आणखी एक जाळे विणण्यास त्याने साफ नकार दिला. ज्या शहरात तारायंत्र, दूरध्वनी, शेअर बाजार आणि अग्निशमन यांच्या तारांनी आकाश दिसेनासे झाले होते, तेथे हा निर्णय खर्चाचा होता. त्याने तो घेतला. तिसरी गोष्ट म्हणजे फ्यूज. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की शिशाची बारीक तार आधी वितळावी आणि मागचे सारे वाचावे, ही कल्पना एडिसनच्या व्यवस्थेत प्रत्येक शाखेवर बसवली गेली.

या फ्यूजची परीक्षा एका शत्रूनेच घेतली. मेन्लो पार्कचे दिवे पाहण्यास लोकांची झुंबड उडत असे. त्या गर्दीत बाल्टिमोरहून आलेला, एडिसनच्या पद्धतीचा विरोधक असलेला एक विद्युततज्ज्ञ होता. त्याने अंगावर लपवून आणलेली जाड तांब्याची तार हळूच दोन वाहकांवर टेकवली. सारी प्रयोगशाळा अंधारात बुडेल आणि एडिसनचे हसे होईल, असा त्याचा कयास होता. प्रत्यक्षात तेवढ्या फांदीचा फ्यूज उडाला, चार दिवे गेले आणि बाकीचे जळत राहिले. गृहस्थांना मात्र बाहेरची वाट दाखवण्यात आली.

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी दुपारी तीन वाजता सुरू झाले. सत्तावीस टनांचे एक जनित्र आणि सुमारे चारशे दिवे, एवढ्यावर हा संसार सुरू झाला. बटण दाबले जाताना एडिसन केंद्रात नव्हता; तो वॉल स्ट्रीटवर आपला पतपुरवठादार जे. पी. मॉर्गन याच्या कचेरीत दिवा लागण्याची वाट पाहत होता. त्यामागे रस्ते खणण्याचे दीड-दोन वर्षांचे कष्ट होते. लोखंडी नळ्यांत तांब्याच्या अर्धगोल कांड्या ठेवून भोवती डांबरमिश्रित लेप ओतायचा, अशी ही वाहिनी जॉन क्रूझी या त्याच्या विश्वासू कारागिराने तयार केली होती. रस्ता रहदारीचा असल्याने खणकाम बहुतेक रात्री चाले आणि एडिसन स्वतः खड्ड्यात उतरलेला असे.

जमिनीखाली पुरलेली वीज तेवढ्याने पाळीव झाली, असे नाही. काही काळातच अ‍ॅन स्ट्रीट आणि नॅसो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून निरोप आला, की तेथे घोडे वेड लागल्यासारखे उधळतात. एडिसनची माणसे गेली तेव्हा तेथे बघ्यांची जत्राच भरलेली होती. नळीच्या एका जोडाजवळ गळती होऊन ओल्या रस्त्यात वीज उतरली होती. माणसांच्या पायांत कोरडे जोडे होते, घोड्यांच्या पायांत लोखंडी नाल. एखादे मरतुकडे घोडे त्या जागेवर येई आणि क्षणात उमद्या जनावरासारखे चौखूर सुटे. ही गोष्ट एडिसन म्हातारपणीही हसत हसत सांगत असे. हसण्यावारी गेली हे खरे, पण ११० व्होल्टसुद्धा ओली जमीन आणि उघडा धातू मिळाला की काय करतात, ते त्या कोपऱ्यावर दिसले होते.

श्रीमंतांच्या घरांतही अनुभव वेगळा नव्हता. विल्यम व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील नव्या वाड्यात चाचणी सुरू असताना भिंतीवरील जरीच्या कागदातील धातूच्या बारीक तंतूंना विजेच्या तारा भिडल्या आणि भिंत लालभडक होऊन धुमसू लागली. आग विझली, मात्र तळघरात बाष्पयंत्र बसवले आहे हे कळताच श्रीमती व्हँडरबिल्ट यांनी सारे सामान बाहेर काढण्याचा हुकूम सोडला. मॉर्गनच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील घरात गालिच्याखालून टेबलदिव्याला नेलेल्या तारेत शॉर्टसर्किट होऊन त्याच्या अभ्यासिकेतील टेबल जळाले. मॉर्गनने दुरुस्ती करून घेतली आणि वीज चालूच ठेवली. पैसा गुंतलेला असला की माणसाची सहनशीलता वाढते, ती अशी.

एडिसनच्या पद्धतीचे खरे दुखणे मात्र निराळे होते. कमी दाबाने वीज दूर नेता येत नाही. केंद्रापासून दीड किलोमीटरच्या पुढे तांब्याचा खर्च परवडेनासा होई. तीन तारांची नवी रचना काढून त्याने तांबे बरेच वाचवले, तरी गावागणिक, मोहल्ल्यागणिक वीजकेंद्र हवेच होते. ही अडचण जॉर्ज वेस्टिंगहाउस या उद्योगपतीने हेरली. एसी प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो, वीज बारीक तारेतून मैलोगणती नेता येते आणि ग्राहकाच्या दाराशी तो दाब पुन्हा उतरवता येतो. १८८६ च्या अखेरीस वेस्टिंगहाउसचे पहिले व्यापारी केंद्र बफेलो येथे सुरू झाले. त्याच सुमारास एडिसनने आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात वेस्टिंगहाउसच्या हातून सहा महिन्यांच्या आत एखादा ग्राहक मरणार, असे भाकीत केले होते. १८८४ मध्ये काही महिने एडिसनकडे काम करून बाहेर पडलेला निकोला टेस्ला याचे एसी मोटारीचे हक्कही १८८८ मध्ये वेस्टिंगहाउसने घेतले.

येथून एडिसनच्या चरित्रातील काळे पर्व सुरू होते. त्याचे भक्त ते थोडक्यात उरकतात आणि टीकाकार त्याहून दुसरे काहीच सांगत नाहीत. हॅरल्ड ब्राउन नावाच्या अभियंत्याने एसी प्रवाहाविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा एडिसनने त्याला वेस्ट ऑरेंज येथील आपली प्रयोगशाळा व साहाय्यक वापरू दिले. ३० जुलै १८८८ रोजी कोलंबिया महाविद्यालयात ब्राउनने जमलेल्यांसमोर एका कुत्र्याला आधी हजार व्होल्टपर्यंत डीसीचे झटके दिले आणि शेवटी ३३० व्होल्ट एसीने ठार केले. आधीच अर्धमेल्या झालेल्या जनावरावर हा प्रयोग झाला, त्यावरून तो कितपत शास्त्रीय होता, ते वाचकांनीच ठरवावे. डिसेंबरमध्ये वेस्ट ऑरेंज येथे वासरे आणि एक घोडा यांचीही हीच गत झाली.

याच्या जोडीला देहदंडाचा प्रश्न आला. फाशीऐवजी विजेने मृत्युदंड द्यावा, यासाठी बफेलोचा एक दंतवैद्य धडपडत होता. त्याने एडिसनचा सल्ला मागितला. एडिसनचा देहदंडालाच विरोध असल्याने आधी त्याने नकार कळवला. महिन्याभरात त्याचे मत फिरले आणि या कामी वेस्टिंगहाउसची एसी यंत्रे सर्वांत प्रभावी ठरतील, असे त्याने कळवून टाकले. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात विल्यम केमलर या कैद्याला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले. पहिला प्रवाह सतरा सेकंदांनी बंद केला तेव्हा तो जिवंत होता. दुसऱ्यांदा प्रवाह सोडावा लागला. तो प्रसंग पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. प्रतिस्पर्ध्याच्या मालाला खुनी ठरवण्याच्या नादात एडिसनने आपल्या सुरक्षेच्या मुद्द्याचे मोल स्वतःच कमी करून घेतले. पुढे १९०३ मध्ये कोनी आयलंडच्या जत्रेत टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेने मारण्यात आले, त्याचा दोषही सर्रास एडिसनच्या माथी मारला जातो. तो मात्र अन्याय आहे. तोवर प्रवाहांचे युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. हत्तिणीच्या मृत्यूचे चित्रण त्याच्या नावाच्या चित्रपट कंपनीने केले, एवढाच काय तो संबंध.

फीक्सच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कच्या महापौरांनी धोकादायक तारा तोडण्याचा आदेश दिला आणि खांबच्या खांब करवतीने आडवे करण्यात आले. तारा जमिनीखाली गेल्या. एडिसन या एका मुद्द्यावर जिंकला; बाकी युद्ध हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी एका प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गळाला. १८९३ चे शिकागो प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या एसी विजेने उजळले. १८९५ मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्यावरील एसी जनित्रे फिरू लागली आणि प्रश्न निकालात निघाला.

सुरक्षेचा धडा त्याला पुन्हा एकदा, फार जवळून, मिळायचा होता. १८९६ मध्ये क्ष-किरणांची बातमी येताच तो त्या कामात बुडाला. क्लॅरेन्स डॅली हा त्याचा साहाय्यक दिवसेंदिवस आपलाच हात किरणांसमोर धरून नळ्या तपासत असे. आधी त्वचा भाजली, मग कर्करोग झाला, मग एकामागून एक दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये डॅली मरण पावला. एडिसनने क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले. दिसत नाही, वास येत नाही आणि लगेच दुखतही नाही, अशा धोक्याचे भय त्याला तेव्हापासून बसले, असे त्याच्या चरित्रकारांचे म्हणणे आहे. कुत्र्यांच्या मृत्यूने जे झाले नव्हते, ते डॅलीच्या मृत्यूने झाले.

मधल्या काळात त्याने निकेल आणि लोखंडाची नवी बॅटरी तयार करण्यास दहा वर्षे खर्ची घातली. शिसे-आम्लाची बॅटरी पाणबुडीत समुद्राच्या पाण्याशी आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. आपल्या बॅटरीत ते भय नाही, हा तिचा मोठा गुण म्हणून तो सांगत असे आणि ते खरेही होते. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या नौदल गोदीत या बॅटऱ्या बसवलेल्या ई-२ या अमेरिकन पाणबुडीत स्फोट होऊन माणसे दगावली. स्फोट क्लोरीनचा नव्हे, हायड्रोजनचा होता. बॅटरीतून निघणारा हा वायू बंदिस्त जागेत साठून त्याला ठिणगी मिळाली होती. वायुवीजन पुरेसे नव्हते, असा एडिसनच्या बाजूचा बचाव होता. एक धोका दूर केला म्हणजे वस्तू निर्धोक झाली, ही त्याची समजूत येथेही नडली.

मग डीसी खरोखरच निर्धोक होती काय? एडिसनच्या हयातीत या प्रश्नाला मोजून दिलेले उत्तर नव्हते. ते मिळाले कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांच्या प्रयोगांतून, १९४० च्या दशकात. धरलेली तार स्वतःहून सोडता येईल, असा जास्तीत जास्त प्रवाह किती, हे त्यांनी स्वेच्छेने आलेल्या माणसांवर मोजले. पुरुषांत ही मर्यादा अमेरिकेतील घरगुती एसीसाठी सरासरी १६ मिलिअँपियर आली, तर डीसीसाठी ७० हून अधिक. एसीने स्नायू आवळून हात तारेलाच चिकटतो, डीसीत ते उशिरा होते. हृदयाची लय बिघडवण्यातही एसी अधिक घातक. म्हणजे एडिसन अर्धा बरोबर होता. परंतु हे सारे आकडे प्रवाहाचे आहेत आणि अंगातून किती प्रवाह जाईल ते दाबावर ठरते. पर्ल स्ट्रीटची वीज तुलनेने सौम्य होती ती मुख्यतः ११० व्होल्टची होती म्हणून.

दाब वाढला की डीसीचे रूप पालटते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातील पहिली विजेवरील गाडी सुटली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे जवळजवळ नऊ दशके मुंबईच्या लोकलच्या डोक्यावर हीच वीज होती. २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने तिची जागा २५ हजार व्होल्ट एसीने घेतली. त्या तारेला निर्धोक म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. गंमत अशी, की आजच्या मोठ्या सौर प्रकल्पांत पॅनलच्या ओळींमधून नेमका हाच, १५०० व्होल्ट डीसीचा दाब खेळत असतो.

सौर वीज आणि एडिसनची वीज यांचे गोत्र एकच. पर्ल स्ट्रीट सुरू झाल्यानंतर वर्षभरात त्याच न्यूयॉर्क शहरात चार्ल्स फ्रिट्स या संशोधकाने सेलेनियमवर सोन्याचा पातळ पत्रा चढवून सूर्यप्रकाशातून वीज काढली होती. तिच्यात दिवा लावण्याचेही बळ नव्हते. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा घट जगापुढे ठेवला, तेव्हा खरी सुरुवात झाली. आज गच्चीवरचे एक पॅनल ३० ते ५० व्होल्ट देते. त्याला हात लावणाऱ्यास फारसे काही होत नाही आणि तेथेच फसगत होते. अशी पंधरा-वीस पॅनल एकापाठोपाठ जोडली, की त्या माळेच्या टोकाला सहाशे ते हजार व्होल्ट उभे राहतात. तार तीच, जाडी तीच, दिसायला निरुपद्रवी. डीसी आहे, काही होत नाही, ही बांधकामावरची समजूत एडिसनच्या अर्ध्या सत्याची वारसदार आहे.

दुसरा भाग ठिणगीचा. आपल्याकडील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना उडालेली ठिणगी त्या क्षणी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. प्रवाह चालू असताना जोड उपटला, तर दोन टोकांमध्ये ठिणगी तेवत राहते आणि प्लॅस्टिक, तांबे, बोटे, काहीही जाळते. ब्रॉडवेवरचे कंसदिवे याच तत्त्वावर उजेड देत होते. म्हणूनच घरगुती एसीसाठी बनवलेला स्विच किंवा एमसीबी डीसी बाजूला बसवणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नसून आगीला आमंत्रण आहे. सैल बसलेला वा दोन निरनिराळ्या बनावटींचा जुळवलेला जोडही तेच करतो.

आणि तिसरी गोष्ट एडिसनच्या काळात कोणापुढे आलीच नव्हती. पर्ल स्ट्रीटचे जनित्र थांबवता येत होते. सूर्याला बटण नाही. घराचा मुख्य स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद केला, तरी उन्हातल्या पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतची तार भारित राहते. अनुभवी वायरमन म्हणूनच ठराविक क्रम सोडत नाहीत. आधी एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य झाल्याची खात्री आणि त्यानंतरच जोड उघडायचे. इन्व्हर्टर उघडण्यापूर्वी त्यातील कपॅसिटर रिकामे होण्यास निर्मात्याने सांगितलेला वेळ द्यायचा. दाब मोजताना मीटर तेवढ्या डीसी दाबाचा हवा. खिशातला टेस्टर येथे कामाचा नाही. दाबाला साजेसे हातमोजे हवेत, पॅनलच्या चौकटींना अर्थिंग हवे आणि सोबत दुसरा माणूस हवा. तडकलेले पॅनल ओले असताना त्याला हात लावू नये. शॉक मामुली असला तरी गच्चीच्या कडेवर दचकून गेलेला तोल मामुली नसतो, त्यामुळे कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा हवाच. पाण्याची टाकी धुणारे, केबल ओढणारे, गच्चीला डांबर लावणारे, आगीच्या वेळी पाण्याचा फवारा घेऊन वर जाणारे जवान यांचा सौर यंत्रणेशी काडीचा संबंध नसतो. फीक्सचाही दिव्यांच्या वाहिनीशी नव्हता. ही तार मेलेली आहे, हे त्याने मोजून पाहिले नव्हते. तेव्हा तशी पद्धतही नव्हती आणि त्याच्या हाती साधनही नव्हते.

अमेरिकेच्या विद्युत संहितेने २०१४ पासून इमारतींवरील सौर यंत्रणांसाठी दाब झटपट उतरवण्याची सोय सक्तीची केली. २०१७ मध्ये हा नियम पॅनलच्या ओळींच्या आतपर्यंत नेण्यात आला. एडिसनच्या आकाशातील तारा जमिनीखाली घालण्याच्या हट्टाचे हे गच्चीवरचे रूप म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पद्धतीची डीसी वीज मात्र फार चिवट निघाली. जुन्या लिफ्टसाठी म्हणून ती टिकून राहिली आणि शेवटचा ग्राहक तोडला गेला तो १४ नोव्हेंबर २००७ रोजी, पर्ल स्ट्रीटनंतर १२५ वर्षांनी.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील घरी वारला. वय ८४. त्याच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी देशभरचा वीजपुरवठा मिनिटभर पूर्ण थांबवून त्याला मानवंदना द्यावी, अशी सूचना पुढे आली. अध्यक्ष हूव्हर यांनी ती मान्य केली नाही. रुग्णालये, पाण्याचे पंप, लिफ्ट, रेल्वेचे सिग्नल हे सारे विजेवर चालत होते. एका मिनिटानेही माणसे मेली असती. त्याऐवजी नागरिकांनी आपापल्या घरचे दिवे स्वेच्छेने मालवावेत, असे आवाहन करण्यात आले. २१ ऑक्टोबरच्या रात्री दहा वाजता न्यूयॉर्कमध्ये घराघरांतले दिवे मंदावले. तारांतील वीज तशीच वाहत राहिली.